बाबांचा नकार वेगळा, मेहुण्यांचा वेगळा

पत्राचा सारांश: चाळिशी ओलांडलेल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. घरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलं. सहा महिने माहिती काढून, चालवून पाहून त्यांनी एक आयात होणारी गाडी पसंत केली. एका चार्जिंगमध्ये लांबचा पल्ला, अपघात चाचणीत चांगले गुण आणि वडिलांच्या गुडघ्यांना चढ-उतार करायला सोपी, ही त्यामागची कारणं. वडिलांनी तीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढली आहेत. ते म्हणतात, "आपल्या माणसांच्या पोटावर पाय देऊन आलेली गाडी माझ्या दारात उभी राहणार नाही." धाकट्या बहिणीचे यजमान एका संवेदनशील सरकारी आस्थापनेत नोकरीला आहेत. त्यांचं म्हणणं, "ही गाडी नाही, चाकं लावलेला कॅमेरा आहे." पत्रलेखिकेच्या नवऱ्याला वाटतं की एवढं आयात शुल्क भरलं की देशाचं देणं फिटलं. शेवटी त्या विचारतात, "मी देशाशी बेइमानी करतेय का? की घरचे उगाच बाऊ करतायत?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी थांबले. शोरूममध्ये बाबांनी त्या गाडीच्या दाराच्या फटीवरून अंगठा फिरवला, वरपासून पार खालपर्यंत. "काम चांगलं केलंय," एवढंच म्हणाले आणि घर येईपर्यंत गप्प बसले. तुम्ही हे त्यांच्या हट्टाचं उदाहरण म्हणून लिहिलंय. मला त्यात हट्ट दिसला नाही. आयुष्यभर ज्याने मिलिमीटरच्या अंशासाठी माल परत जाताना पाहिला, त्याला दुसऱ्याचं काम सरस आहे हे तोंडाने कबूल करावं लागलं. ते त्यांनी प्रामाणिकपणे केलं, आणि ते त्यांना जड गेलं. या गप्प बसण्याकडे आपण पुन्हा येऊ.

आधी तुमच्या प्रश्नाबद्दल. बेइमानी की बाऊ, असे दोनच पर्याय तुम्ही स्वतःपुढे ठेवलेत. मला दोन्ही पटत नाहीत. गडबड अशी झालीय की बाबांचा नकार आणि मेहुण्यांचा नकार तुम्ही एकाच गाठोड्यात बांधलाय. बाबा बोलतायत रोजगाराबद्दल, मेहुणे बोलतायत सुरक्षेबद्दल. जेवणाच्या टेबलावर दोघं एकमेकांना दुजोरा देतात म्हणून ते एकच वाटतं. सरकारंही हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तुमचा गोंधळ झाला यात नवल नाही.

एक साधी कसोटी लावून बघा. आयात शुल्क भरून आलेल्या गाडीतला मायक्रोफोन शुल्क भरल्यामुळे बंद पडतो का? नाही. मग शुल्क हा सुरक्षेचा उपाय नाही. आता उलट बाजूने बघा. गाडीतली सगळी माहिती देशातच राहिली पाहिजे असा कडक नियम केला, तर त्याने बाबांच्या कारखान्यातल्या एकाची तरी नोकरी वाचेल का? तेही नाही. दोन दुखणी आहेत, दोन औषधं आहेत. एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं औषध दिलं की रोगही राहतो आणि पैसेही जातात.

अमेरिकेने सप्टेंबर 2024 पासून चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर 100 टक्के शुल्क लावलं. हा मुख्यतः बाजार वाचवायचा उपाय. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये तिथल्या वाणिज्य खात्याने वेगळा नियम जाहीर केला: चीन किंवा रशियाशी संबंधित कंपन्यांची, गाडीला बाहेरच्या जगाशी जोडणारी सॉफ्टवेअर 2027 च्या मॉडेलपासून आणि तशी उपकरणं 2030 च्या मॉडेलपासून चालणार नाहीत. हा नियम गाडी कुठल्या कारखान्यात जोडली एवढंच विचारत नाही. ती गाडी बाहेरशी बोलते कोणामार्फत, हे तो विचारतो. सुरक्षेचा नियम असाच असायला हवा. तो बरोबर की अतिरेकी यावर वाद होऊ शकतो, पण निदान तो ज्या कारणासाठी केलाय त्याच कारणावर बोट ठेवतो. याउलट 2018 मध्ये त्याच देशाने कॅनडासारख्या जवळच्या मित्रदेशाच्या पोलादावर आणि ॲल्युमिनियमवर 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हणून शुल्क लावलं होतं. 2022 च्या अखेरीस, नॉर्वे, स्वित्झर्लंड अशा इतर देशांच्या तक्रारींवर, जागतिक व्यापार संघटनेच्या तज्ज्ञ मंडळाने ते कारण मान्य केलं नाही. अशी उदाहरणं पाहिली की लोकांचा सुरक्षेच्या खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडतो, आणि मला ते फार वाईट वाटतं. लांडगा आला रे आला करणाऱ्या मुलासारखंच ते.

आता बाबांकडे. स्थानिक उद्योगाला काही काळ आडोसा देणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जवळजवळ प्रत्येक औद्योगिक देशाने कधी ना कधी तो दिला आहे. कारखाना बंद पडायला एक हंगाम पुरतो, पण पांगलेले कुशल हात पुन्हा गोळा करायला पिढी जाते. बाबांनी हे डोळ्यांनी पाहिलं असणार. आणि समोरचा स्पर्धक सरकारी मदतीच्या जोरावर स्वस्त विकत असेल तर तक्रारीला आधारही आहे. युरोपीय संघाने हेच कारण उघडपणे सांगितलं. वर्षभर चौकशी केली आणि ऑक्टोबर 2024 पासून चीनमध्ये बनलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांवर, आधीच्या 10 टक्क्यांच्या वर, पाच वर्षांसाठी जादा शुल्क लावलं. बीवायडी या चिनी कंपनीला 17 टक्के, एसएआयसी या दुसऱ्या चिनी कंपनीला 35.3 टक्के. आणि शांघायमध्ये बनणाऱ्या टेस्लालाही 7.8 टक्के, म्हणजे अमेरिकी कंपनीलाही सूट नाही. तिथे मोजला गेला तो कारखान्याला मिळालेला सरकारी पैसा. कंपनी कुठल्या देशाची, हे बघितलं नाही.

पण आडोशाला मुदत हवी, आणि त्या मुदतीत आतल्या माणसाने शिकायला हवं. 1981 मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने तिथे पाठवायच्या मोटारी वर्षाला 16 लाख 80 हजारांवर रोखून धरल्या. संख्या बांधली गेल्यावर जपानी कंपन्यांनी जास्त महाग, जास्त नफ्याच्या गाड्या पाठवायला सुरुवात केली, आणि होंडाने, आधीच ठरवल्याप्रमाणे, 1982 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत स्वतःचा मोटार कारखानाच सुरू केला. ग्राहकाला गाडी महाग पडली हे खरं. त्याच वेळी अमेरिकी कामगारांना नव्या पद्धतीचं काम मिळालं, हेही खरं. दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. युरोपने कोंबडीच्या मांसावर लावलेल्या कराला उत्तर म्हणून अमेरिकेने 1964 मध्ये छोट्या मालवाहू ट्रकवर 25 टक्के शुल्क लावलं. कोंबडीचं भांडण केव्हाच विझलं. ट्रकवरचं शुल्क साठ वर्षांनंतरही तसंच आहे. मुदत न घातलेला आडोसा असा भिंत होऊन बसतो, आणि मग तो का बांधला होता हे कोणाला आठवत नाही.

यात तुमच्या यजमानांच्या मुद्द्याचंही उत्तर आहे. शुल्क भरलं म्हणजे देणं फिटलं, हे मला पटत नाही. ते पैसे सरकारी तिजोरीत जातात. त्यातून बाबांच्या जागी आलेल्या तरुणाला बॅटरीचं काम शिकवलं जातं का, ते वेगळं विचारावं लागेल. पावती तुमच्या हातात आहे म्हणून त्याची खात्री होत नाही.

बाबांशी बोलताना मात्र एक गोष्ट जपून काढा, कारण ती दुखरी आहे. ते नेमका कोणता भाग बनवत होते, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही. क्लच, गिअर, सायलेन्सर, इंधनाचा पंप, यांपैकी काही असेल, तर त्या कामाला धोका आयात गाडीपेक्षाही इलेक्ट्रिक गाडीचा आहे, मग ती देशातच का बनलेली असेना. तिच्यात इंजिन नाही, मग पिस्टन नाही, इंधनाचा पंप नाही. शिवाय जगातल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त लिथियम-आयन सेल आज एकट्या चीनमध्ये बनतात. म्हणजे देशी नावाची गाडी घेतली तरी तिच्या पोटातला सगळ्यात महाग भाग बाहेरून आलेला असण्याची बरीच शक्यता आहे. हे ऐकवून बाबांना गप्प करायचं नाहीये. ते ज्यासाठी भांडतायत ते तुमच्या एका खरेदीने वाचणारही नाही आणि बुडणारही नाही, एवढं तुम्हाला स्वतःला कळावं म्हणून सांगतेय. त्यामुळे 'बेइमानी' हा शब्द मनातून काढून टाका. तो तुम्हीच स्वतःसाठी वापरलाय. पत्रात बाबांनी तो कुठेही उच्चारलेला नाही.

आता मेहुण्यांचा नकार. याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुम्ही तो सगळ्यात लवकर झटकलाय.

आजच्या गाडीत चारी बाजूंना कॅमेरे असतात, आत मायक्रोफोन असतो, जीपीएस असतं आणि एक सिम कार्ड असतं. त्या सिममधून दोन प्रकारची वाहतूक चालते: माहिती बाहेर जाते आणि हुकूम आत येतो. लोक पहिल्याला घाबरतात. मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते. कंपनी दूरवरून सॉफ्टवेअर बदलू शकते, म्हणजे बिघाड दुरुस्त करू शकते, तसाच करूही शकते. ऑस्लोच्या सार्वजनिक वाहतुकीचं काम बघणाऱ्या रुटर या संस्थेने 2025 मध्ये हे तपासलं. दोन बस त्यांनी डोंगराच्या पोटातल्या खाणीत नेल्या, बाहेरचे सिग्नल पोचू नयेत म्हणून, आणि तिथे त्या बसची यंत्रणा उलगडून पाहिली. त्यांतल्या युटाँग या चिनी कंपनीच्या बसमध्ये बॅटरी आणि वीजपुरवठ्याच्या नियंत्रणापर्यंत मोबाईल नेटवर्कमार्फत कंपनीला पोचता येत होतं. त्यासाठी आत रोमानियाचं एक सिम होतं. तत्त्वतः ती बस दूरवरून बंद पाडता आली असती. तसं कोणी केल्याचा पुरावा नव्हता, आणि कॅमेरे इंटरनेटला जोडलेले नव्हते, हेही त्यांनी सांगितलं. मला त्यांची पद्धत आवडली. संशय आला तर आरडाओरडा करण्याआधी त्यांनी यंत्र उघडून पाहिलं, सिम काढलं की जोडणी तुटते हे शोधलं आणि पुढच्या खरेदीच्या अटी कडक केल्या.

हा संशय एकाच दिशेने जात नाही. 2021 मध्ये चीननेच टेस्लाच्या गाड्यांना लष्करी आवारात मज्जाव केला होता, कारण तेच, कॅमेरे. त्याच वर्षी गाड्यांमधली महत्त्वाची माहिती देशातच साठवायचा नियम तिथे लागू झाला. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या मोटार उद्योग संघटनेने टेस्लाची शांघायमध्ये बनलेली मॉडेल्स माहिती-सुरक्षेच्या तपासणीत उत्तीर्ण झाल्याचं जाहीर केलं. संशय तपासता येतो, आणि तपासून दूरही करता येतो, याचं हे उदाहरण. भारताने तर 2020 मध्ये, जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीलाच सरकारी पूर्वपरवानगी सक्तीची केली. सगळ्याच बाजूंची सरकारं या प्रश्नाशी झगडतायत. मेहुणे हवेतलं बोलत नाहीयेत.

मात्र त्यांच्या बोलण्यात एक गृहीत आहे. परदेशी गाडी डोळे लावून बसलेली आणि आपली गाडी डोळे मिटलेली, असं ते धरून चालतात. 2015 मध्ये दोन संशोधकांनी एक जीप चेरोकी चालू रस्त्यावर, मैलोन् मैल दूर बसून, इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. कंपनीला 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ती अमेरिकेतली अमेरिकी गाडी होती, आणि आत शिरणाऱ्यांना कंपनीची मदत लागली नव्हती. डिसेंबर 2024 मध्ये उघडकीला आलं की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे 8 लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडली होती. बऱ्याच गाड्या कुठे उभ्या होत्या तेही त्यात होतं, आणि त्यात हॅम्बुर्ग पोलिसांच्या गाड्याही होत्या. जर्मन कंपनी, जर्मन पोलीस, आणि चूक कंपनीच्याच हलगर्जीपणाची. घराला कुलूप नसेल तर शेजारी कोण राहतो हा नंतरचा प्रश्न.

मला स्वतःला हे समजलं ते एका भाड्याच्या गाडीत. फोन जोडायला गेले तर स्क्रीनवर आधीच्या सहा जणांच्या फोनची नावं होती. एकाचं नाव दाबलं आणि त्याची अख्खी संपर्क यादी उघडली. आई, दवाखाना, 'ऑफिस साहेब'. मी बसल्या बसल्या सहाही पुसून टाकली, पण बराच वेळ अस्वस्थ होते. त्या माणसावर कोणी हेरगिरी केली नव्हती. तो फक्त गाडीतून उतरला होता.

म्हणून मेहुण्यांच्या बाबतीत माझा सल्ला अगदी ठोस आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एक प्रश्न विचारा: "तुमच्या कार्यालयाचा याबद्दल लेखी नियम काय आहे?" नियम असेल तर तो पाळायचा, विषय संपला. तुमची गाडी त्यांच्या वसाहतीत न्यायची नाही, त्यांनी ती ड्युटीवर जाताना घ्यायची नाही, त्यांचा फोन तिला जोडायचा नाही. तुमचं येणंजाणं त्यांच्याकडे रोजचं असेल तर मी दुसरी गाडी बघेन, कारण बहिणीच्या दारात गाडी लांब उभी करून चालत जाण्याची वेळ वारंवार आली तर कुरबुर गाडीवरून नात्यावर येईल. नियम नसेल, आणि ती केवळ त्यांची धास्ती असेल, तर ती ऐकून घ्या, त्यांचा आदर करा, पण निर्णय तुमचा. सामान्य घरातली एक गाडी बंद पडली तर ती गैरसोय आहे. लाखभर गाड्या एकाच वेळी बंद पडू शकतात ही राष्ट्राची काळजी आहे, आणि ती काळजी सरकारने नियमाने घ्यायची. ती एकेका ग्राहकाच्या खांद्यावर टाकता येत नाही.

तुमच्यासाठी खरा जवळचा धोका मला तिसराच दिसतो, आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही. व्यापारयुद्धात नियम रातोरात बदलतात. उद्या त्या कंपनीने बाजार सोडला तर? फिस्कर ही अमेरिकी इलेक्ट्रिक गाडी कंपनी जून 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली. गाडीमालकांपुढे सुटे भाग कुठून आणायचे आणि सॉफ्टवेअर कोण सांभाळणार हे प्रश्न उभे राहिले, तेव्हा त्यांनी स्वतःची संघटना बांधून मार्ग शोधायला सुरुवात केली. गाडी उत्तम असते, पण तिच्यामागचा सर्व्हर कोणीतरी चालू ठेवावा लागतो.

तेव्हा बयाणा देण्याआधी शोरूममध्ये चार गोष्टी विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागा. गाडीची माहिती कोणत्या देशातल्या सर्व्हरवर साठते? ॲप आणि सिम बंद ठेवून गाडी किती दिवस, कोणत्या सोयींसह चालेल? कंपनीने बाजार सोडला तर सॉफ्टवेअर, बॅटरीची हमी आणि सुटे भाग याची जबाबदारी कोणाची? आणि गाडी विकताना माझी सगळी माहिती कशी पुसायची? विक्रेत्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असेल. तिसऱ्याला तो बहुतेक अडखळेल, तिथेच थांबा आणि नेटाने विचारा.

घेतल्यावर फोन जोडताना संपर्क यादीला परवानगी देऊ नका, आतल्या कॅमेऱ्याची सेटिंग पहिल्याच दिवशी बघा. मात्र कोणी सुचवलं म्हणून सिमच काढून टाकू नका. अपघात झाल्यावर आपोआप मदत मागणारी सोय त्यावर चालते, आणि सुरक्षेतल्या त्रुटी दुरुस्त करणारे बदलही त्यातूनच येतात. जे वाचक संस्थेसाठी किंवा कंपनीसाठी दहा-वीस गाड्या एकदम घेणार असतील, त्यांच्या हातात तुमच्यापेक्षा मोठी ताकद आहे. दूरवरून काय काय नियंत्रित करता येतं हे कंपनीने लिहून द्यावं, ही अट त्यांनी निविदेतच घालावी. रुटरनेही बसच्या पुढच्या खरेदीच्या अटी कडक केल्या, त्या अशाच काळजीपोटी.

माझं मत विचाराल, तर मेहुण्यांच्या कार्यालयाचा नियम आड येत नसेल आणि चारपैकी निदान तीन उत्तरं लेखी मिळत असतील, तर गाडी घ्या. उत्तरं मिळाली नाहीत तर थांबा. इथे वर्षभरात पर्याय वाढतात, वाट बघण्यात फार नुकसान नाही. देशात जोडलेली एखादी गाडी पल्ल्यात थोडी कमी असली तरी बाबांना चढायला सोपी असेल, तर तीही एकदा मोकळ्या मनाने चालवून पाहा. माझ्या समजुतीप्रमाणे तुम्ही ती यादीतून पहिल्याच आठवड्यात काढली होती.

आणि दोन्ही ठिकाणी बाबांना बरोबर न्या. या वेळी परवानगी मागायला नको. दाराच्या फटी बघायला, बॉनेट उघडायला, कुठला भाग कुठे बनलाय हे विक्रेत्याला विचारायला न्या. त्यांच्याइतका जाणकार डोळा तुमच्या घरात दुसरा नाही, आणि सहा महिन्यांच्या शोधात त्यांचं मत तुम्ही एकदाच, तेही सगळं ठरल्यावर विचारलंत. ते दोन्ही दारांवरून अंगठा फिरवतील. त्यानंतर काय म्हणाले ते मला जरूर कळवा.